ऑफिससाठी ऑल-इन-वन प्रिंटर घेताना पानाचा हिशेब कसा करावा

प्रिंटर घेताना बहुतेकांची नजर खोक्यावरच्या किमतीवर असते. ती रक्कम एकदाच द्यायची असते. शाई, टोनर, ड्रम यांचे पैसे मात्र पुढची तीन-चार वर्षं जातच राहतात, आणि प्रिंटर कंपन्यांची भिस्तही त्यावरच जास्त असते. त्यामुळे दुकानातलं सगळ्यात स्वस्त मशीन उचलून आणलं की बहुधा चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असा प्रकार होतो.

हा लेख पहिल्यांदाच ऑफिससाठी ऑल-इन-वन, म्हणजे छपाई, झेरॉक्स आणि स्कॅन तिन्ही करणारं मशीन, घेणाऱ्यांसाठी आहे. दोन ते दहा माणसं, रोजची बिलं, पत्रं, करार, ओळखपत्रांच्या झेरॉक्स आणि अधूनमधून स्कॅन, एवढं काम असलेलं ऑफिस डोळ्यांसमोर ठेवलं आहे. भाड्याने मिळणाऱ्या मोठ्या कॉपियरचा विषय वेगळा. आधी गरज मोजायची, मग प्रिंटरचा प्रकार ठरवायचा, मग खर्चाचा हिशेब मांडायचा. मॉडेलचं नाव सगळ्यात शेवटी येतं. बहुतेक लोक सुरुवात मॉडेलच्या नावापासून करतात आणि तिथेच फसतात.

आधी आपली पानं मोजा

सोपा मार्ग कागदाचा. एका रीममध्ये ५०० कागद असतात. महिन्याला किती रीम संपतात ते बघा, पानांचा अंदाज निघतो. आधीचा प्रिंटर असेल तर त्याहून नेमका आकडा मिळतो. त्याच्या मेनूत रिपोर्ट किंवा कॉन्फिगरेशन पेज छापण्याची सोय असते आणि त्यावर आजवर छापलेल्या एकूण पानांचा आकडा येतो. आज एक छापा, महिन्याने दुसरं छापा आणि वजाबाकी करा. एक लक्षात ठेवा, मशीनचा काउंटर छापलेल्या बाजू मोजतो. दोन्ही बाजूंनी छापलेला कागद त्याच्या लेखी दोन पानं.

या आकड्याबरोबर आणखी चार गोष्टी कागदावर लिहून काढा. रंगीत पानं किती? त्यांतली खरंच रंगीत हवीत अशी किती? एका बैठकीत सगळ्यात मोठा गठ्ठा किती पानांचा असतो, छापायचा आणि स्कॅन करायचा? आणि प्रिंटर सलग किती दिवस नुसता पडून राहतो? हा शेवटचा प्रश्न दुकानदार कधीच विचारत नाही. माझ्या मते तो सगळ्यात मोलाचा आहे. का, ते पुढे कळेल.

तीन प्रकार, आणि त्यांतला एक लगेच बाद

पहिला प्रकार छोट्या कार्ट्रिजचा (शाईच्या डबीचा) इंकजेट, म्हणजे शाई फवारून छापणारा. मशीन सगळ्यात स्वस्त, कार्ट्रिज बोटभर आणि पानं शे-दोनशे. घरात मुलांच्या प्रोजेक्टसाठी ठीक. ऑफिससाठी याचा विचारही करू नका. मोठ्या क्षमतेच्या कार्ट्रिजचे बिझनेस इंकजेट मिळतात आणि त्यांतले काही बरे असतात, पण नवख्या माणसाने त्या वाटेला जाण्याचं सहसा कारण नसतं.

दुसरा प्रकार इंक टँकचा. शाई बाटलीतून थेट टाकीत ओतायची, मधे कार्ट्रिज नाही. लोक साध्या प्रिंटरला बाहेरून नळ्या आणि बाटल्या जोडून शाईचा खर्च वाचवत होते. तो जुगाड बघून कंपन्यांनीच टाकीवाले प्रिंटर काढले. एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात सुरुवात केली आणि नंतर कॅनन, एचपी, ब्रदर हे सगळेच त्यात उतरले. काळ्या शाईची एक बाटली मॉडेलप्रमाणे साधारण साडेचार ते साडेसात हजार पानं देते. पानामागे खर्च इतका कमी येतो की शाईपेक्षा कागद महाग पडतो.

तिसरा प्रकार लेसर. एलईडी प्रिंटरही व्यवहारात याच गटातले. यात शाई नसते, टोनर नावाची बारीक प्लॅस्टिकची पूड असते. ड्रम नावाच्या फिरत्या नळकांड्यावर विजेच्या भाराने अक्षरांचा आकार उमटतो, पूड त्याला चिकटते, तिथून कागदावर येते, आणि फ्युजर नावाचा रोलर दोनशे अंशांच्या आसपासच्या उष्णतेने ती कागदात वितळवून बसवतो. म्हणून लेसरचं पान हातात गरम येतं आणि त्यावर पाणी सांडलं तरी अक्षर फुटत नाही.

आता पडून राहण्याची गोष्ट. टोनर ही कोरडी पूड आहे. लेसर दोन महिने बंद ठेवा, चालू केल्यावर पहिलंच पान स्वच्छ येईल. शाई ओली असते आणि ती कागदावर फवारणाऱ्या भागाची, म्हणजे हेडची, छिद्रं केसाहून बारीक. टँक प्रिंटर तीन-चार आठवडे बंद राहिला की छिद्रांच्या तोंडाशी शाई सुकू लागते आणि अक्षरांमध्ये आडव्या पांढऱ्या रेघा दिसू लागतात. मग हेड क्लीनिंग चालवायचं. ते म्हणजे शाई जोराने ओढून बाहेर फेकणं. ही फेकलेली शाई आतल्या एका स्पंजात साठते आणि तो भरला की प्रिंटर छापायचंच थांबवतो. नव्या बऱ्याच मॉडेलांत हा स्पंज मेंटेनन्स बॉक्स म्हणून वेगळा मिळतो आणि स्वतःला बदलता येतो. जुन्या किंवा अगदी स्वस्त मॉडेलांत त्यासाठी मशीन सर्व्हिस सेंटरला न्यावं लागतं. टँक प्रिंटर बघताना हा प्रश्न नक्की विचारा. हेड बिघडलं तर ते घरच्या घरी बदलता येतं की मशीनमध्ये पक्कं बसवलेलं आहे, हेही विचारा.

एवढ्यावरून ढोबळ निवड होते. रोज थोडं तरी छापलं जातं आणि रंगीत पानं लागतात, तर टँक. जवळपास सगळं काळं-पांढरं, कधी एकदम शंभर पानं आणि कधी आठवडाभर काहीच नाही, तर काळा-पांढरा लेसर. रंगीत लेसर दिसायला मोहक असतो, पण चार टोनर आणि मॉडेलप्रमाणे ड्रम, बेल्ट असा लवाजमा सांभाळावा लागतो. कमी खर्च हाच निकष असेल तर त्याच्या नादी लागू नका. महिन्याला दहा-वीसच रंगीत पानं लागत असतील तर काळा लेसर घ्या आणि रंगीत पानं बाहेरून छापून आणा.

पानाचा हिशेब

कार्ट्रिजच्या किंवा बाटलीच्या खोक्यावर पानांचा आकडा असतो, त्याला यील्ड म्हणतात. तो आकडा हवेतून येत नाही. काळ्या टोनरसाठी आयएसओ १९७५२, रंगीत टोनरसाठी १९७९८ आणि शाईसाठी २४७११ अशी मोजणीची आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. ठरलेली पानं सलग छापत राहायची आणि किती झाली ते मोजायचं. या चाचणीच्या पानावर शाई साधारण पाच टक्के भागावर असते, म्हणजे मोकळ्या ओळींचं एक साधं पत्र. तुमच्या बिलावर मोठा गडद लोगो आणि काळ्या पट्ट्यांचा तक्ता असेल तर दहा टक्के सहज होतात आणि खोक्यावरच्या निम्मीच पानं हाती लागतात. तरीही दोन मॉडेलांची तुलना करायला हाच आकडा घ्या, कारण दोन्हीकडे मोजपट्टी साधारण सारखीच असते.

हिशेबाची पद्धत एका उदाहरणाने बघू. आकडे नमुन्याचे आहेत. सगळ्यात स्वस्त मशीनची किंमत १०० धरू आणि बाकी सगळं त्या मापात मोजू.

मशीन ‘अ’ छोटा लेसर: किंमत १००, टोनर ४०, पानं १,६००, ड्रम टोनरमध्येच. मशीन ‘ब’ जरा मोठा लेसर: किंमत १६०, टोनर ३२, पानं ३,०००, ड्रम वेगळा, त्याची किंमत ४५ आणि आयुष्य १२,००० पानं. मशीन ‘क’ टँक: किंमत १८०, काळी बाटली ६, पानं ६,०००. खोक्यात आलेला पहिला टोनर किंवा पहिली बाटली तिन्हींत हिशेबाबाहेर ठेवू.

महिन्याला ८०० काळी पानं म्हणजे तीन वर्षांत २८,८००. ‘अ’ला १८ टोनर लागतात, म्हणजे ७२०; मशीन धरून ८२०. ‘ब’ला १० टोनर म्हणजे ३२०, आणि पहिला ड्रम मशीनसोबत आला तरी आणखी दोन लागतील, ते ९०, एकूण ५७०. ‘क’ला पाच बाटल्या, ३०, एकूण २१०. जे मशीन दुकानात सगळ्यात स्वस्त होतं ते तीन वर्षांनी सगळ्यात महाग ठरलं, तेही चौपटीच्या आसपास.

आता पानं कमी करू. महिन्याला १५०, म्हणजे तीन वर्षांत ५,४००. ‘अ’ २६०, ‘ब’ २२४, ‘क’ १८६. टँकच पुढे आहे, पण फरक बघा किती आटला. एवढी कमी पानं छापणाऱ्या ऑफिसात मशीन पडूनही जास्त राहतं. समजा त्यातून हेड सुकलं आणि दुरुस्तीला ७० गेले, तर ‘क’ २५६ वर पोचतो आणि ‘ब’ स्वस्त ठरतो. शिवाय महत्त्वाचं पत्र काढायच्या दिवशी घोडं अडलं, त्याची किंमत या हिशेबात कुठे बसत नाही. म्हणून मी पडून राहण्याच्या प्रश्नावर अडून बसतो. भरपूर आणि नियमित छपाईला टँकशी स्पर्धा नाही. तुरळक छपाईत ‘ब’सारखा लेसर निर्धास्त.

तुम्ही बघत असलेल्या प्रत्येक मॉडेलसाठी हाच हिशेब मांडा. मशीनची किंमत, अधिक तीन वर्षांची शाई किंवा टोनर, अधिक ड्रम, अधिक मेंटेनन्स बॉक्स. अर्धी बाटली किंवा पाव टोनर विकत मिळत नाही, तेव्हा अपूर्णांक वर ओढून पूर्ण करा. रंगीत पानासाठी काळ्याच्या खर्चात तिन्ही रंगांचा खर्च मिळवायचा.

हिशेबात सहसा सुटून जाणाऱ्या गोष्टी

खोक्यात मशीनबरोबर येणारा टोनर बऱ्याचदा स्टार्टर असतो, म्हणजे अर्धवट भरलेला. दिसायला तसाच, पण विकतच्यापेक्षा पानं बरीच कमी. टँकच्या बाबतीत पहिल्या बाटल्यांतली काही शाई नळ्या भरण्यातच जाते, त्यामुळे पहिल्या खेपेला टाकी लवकर उतरली तर घाबरू नका, दुसऱ्या खेपेपासून नीट चालते.

एकाच प्रिंटरला साधा आणि हाय यील्ड असे दोन टोनर बसत असतील तर जवळजवळ नेहमी हाय यील्ड पानामागे स्वस्त पडतो. काही स्वस्त मॉडेलांना तो बसतच नाही. घेण्याआधी त्या मॉडेलला नेमके कोणते टोनर चालतात याची यादी कंपनीच्या साइटवर बघा.

ड्रम वेगळा असणं चांगलं की टोनरमध्येच असणं? एकत्र असेल तर दर वेळी नवा ड्रम मिळतो, छपाई नवी-कोरी राहते, पण प्रत्येक टोनरसोबत ड्रमचेही पैसे भरता. वेगळा असेल तर टोनर स्वस्त पडतो आणि ड्रम दहा-बारा हजार पानांनी एकदा बदलायचा. माझा कौल वेगळ्या ड्रमला. फक्त तो संपल्याचा संदेश आला की लोक टोनर बदलत बसतात, तेवढं सांभाळा.

चिप हा खरा काटा. हल्ली बहुतेक कार्ट्रिजवर छोटी चिप असते आणि प्रिंटर तिच्याशी बोलून कार्ट्रिज कंपनीची आहे की नाही ते ओळखतो. काल चाललेली दुसऱ्या कंपनीची कार्ट्रिज आज फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट झाल्यावर नाकारली जाते, असं घडतं. काही मॉडेलं तर इंटरनेट कायम जोडलेलं हवं आणि फक्त मूळचीच शाई वापरायची या अटीवर विकली जातात. शाईची मासिक वर्गणी असेल तर वर्गणी बंद करताच कार्ट्रिजमध्ये शाई असूनही छपाई थांबू शकते. म्हणून खोक्यामागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. टँकमध्ये ही कटकट कमी, कारण बाटलीतून ओतलेली शाई कुणाची आहे हे बहुतेक मशीनना कळत नाही. म्हणून वाटेल ती शाई ओतावी असं नाही. हलकी शाई हेडमध्ये गाळ धरते, आणि हेड बाटलीपेक्षा कितीतरी महाग असतं. मूळ शाईच इतकी स्वस्त असताना तिथे काटकसर करण्यात अर्थ नाही. लेसरमध्ये मात्र चांगल्या नावाचा दुसऱ्या कंपनीचा टोनर वॉरंटी संपल्यावर वापरून बघायला हरकत नाही.

कोणत्या सोयींसाठी पैसे मोजावेत

दोन सोयींवर तडजोड करू नये. पहिली ऑटो डुप्लेक्स, म्हणजे कागदाच्या दोन्ही बाजूंना आपोआप छपाई. कागदाचा खर्च थेट निम्म्यावर येतो, आणि टँक प्रिंटर असेल तर कागद हाच सगळ्यात मोठा खर्च असतो. नीट बघा, काही खोक्यांवर मॅन्युअल डुप्लेक्स असं लिहिलेलं असतं. म्हणजे कागद तुम्हीच उलटून पुन्हा घालायचे. महिनाभराने कुणी घालत नाही.

दुसरी एडीएफ, म्हणजे वरच्या ट्रेमध्ये गठ्ठा ठेवला की पानं आपोआप एकामागून एक स्कॅन होतात. वीस पानांचा करार काचेवर एकेक ठेवून स्कॅन करून बघा, म्हणजे एडीएफचे पैसे का द्यायचे ते कळेल. पण एडीएफ आहे म्हणजे दोन्ही बाजू स्कॅन होतात असं नाही. स्वस्त मॉडेलांत एकच बाजू होते. त्याच्या वरच्या पायरीवरचा एडीएफ कागद उलटून दुसरी बाजू घेतो, हळू चालतो आणि कागद अडकण्याची शक्यता जास्त. सगळ्यात चांगला एकाच फेरीत दोन्ही बाजू घेणारा, पण तो महाग मॉडेलांत. दोन्ही बाजूंचे कागद तुमच्याकडे किती येतात त्यावर ठरवा. आणि एक गंमत: बऱ्याच मशीनमध्ये छपाई डुप्लेक्स असते आणि स्कॅन नसतो. खोक्यावर नुसतं ‘डुप्लेक्स’ दिसतं, कशाचं ते आत वाचावं लागतं.

काचेचा आकारही बघा. एडीएफमधून लीगल कागद जातो पण काच ए४ एवढीच, हे सर्रास दिसतं. जुने, फाटके किंवा शिवलेले लीगल दस्तऐवज काचेवरच ठेवावे लागतात. जाड पुस्तक स्कॅन करायचं असेल तर हेही ठाऊक असू द्या की बहुतेक ऑल-इन-वनमध्ये सीआयएस सेन्सर असतो. तो काचेला टेकलेलंच स्पष्ट पाहतो, पुस्तकाच्या मधल्या घडीजवळची अक्षरं धूसर येतात. स्कॅनरचे डीपीआयचे (एका इंचात किती ठिपके) मोठाले आकडे सोडून द्या. मजकुराला ३०० पुरतात, फोटोला ६००.

वेगाच्या आकड्यात फार अडकू नका. लेसर मिनिटाला २० ते ३० पानं काढतो, टँक त्याच्या निम्मी किंवा कमी. तुलना करायचीच तर खोक्यावर ‘आयएसओ’ म्हणून दिलेला वेग घ्या. त्याखेरीजचा कमाल वेग बहुधा फिक्या ड्राफ्ट छपाईचा असतो. दिवसभरात दोन-चार पानं काढणाऱ्याला पहिलं पान किती सेकंदांत येतं तेच महत्त्वाचं.

ड्युटी सायकल हा आकडा हमखास गैरसमज करून देतो. महिन्याला वीस हजार पानं असं लिहिलेलं असतं. ती मशीनची कमाल मर्यादा. रोजच्या वापरासाठीचा शिफारशीचा आकडा वेगळा आणि खूप लहान, कित्येकदा कमालच्या दहावा भागच. तुमची महिन्याची पानं त्या लहान आकड्यात बसली पाहिजेत.

कागदाचा ट्रे १०० पानांचा असेल तर चार माणसांच्या ऑफिसातही दिवसाआड कुणीतरी उठून कागद भरत असतं. २५० चा असेल तर अर्धी रीम मावते. मागे उभा, उघडा ट्रे असलेली मशीन शक्यतो टाळा. कागदावर धूळ बसते, दमट हवेत कागद ओल धरतो आणि मग अडकतो. फॅक्स लागत नसेल तर त्यासाठी जादा पैसे देऊ नका. ए३ छपाई क्वचितच लागते.

जोडणी

नुसत्या यूएसबीचा प्रिंटर एका माणसासाठी. ऑफिससाठी वायफाय हवं आणि मिळालं तर लॅनचं पोर्टही. प्रिंटर एका जागी बसलेला असतो, त्याला वायरने जोडलेलं केव्हाही बरं. ‘प्रिंटर ऑफलाइन’ या तक्रारींपैकी बऱ्याच वायफायच्या असतात. स्वस्त मॉडेलांत वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं असतं, राउटरवर तो बँड चालू आहे ना ते पाहा.

मोबाइलवरून छापायचं असेल तर एअरप्रिंट आणि मोप्रिया ही दोन नावं खोक्यावर शोधा. पहिलं ॲपलच्या उपकरणांसाठी, दुसरं प्रामुख्याने अँड्रॉइडसाठी. ही असली की वेगळा ड्रायव्हर लागत नाही. कंपनीने पुढे ड्रायव्हर काढणं बंद केलं तरी मशीन चालू राहण्याची शक्यता यामुळे वाढते, आणि पाच वर्षं वापरायच्या वस्तूला ते महत्त्वाचं.

स्कॅन करून थेट कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये पाठवण्याची सोय अनेकांना हवी असते. इथे जुनी मॉडेलं दगा देतात. त्यांना एसएमबी-१ नावाची फाइल शेअर करण्याची जुनी पद्धतच कळते, आणि विंडोजने ती २०१७ पासून सुरक्षेच्या कारणाने मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. सेकंडहँड मशीन घेताना हे आधी तपासा. प्रिंटरसाठी ऑफिसभराचे कॉम्प्युटर असुरक्षित करून ठेवणं परवडणारं नाही.

खरेदीच्या दिवशी

आता कुठे दोन-तीन मॉडेलं हातात राहिली असतील. दुकानात आपलं नेहमीचं बिल आणि एक दाट मजकुराचं पान पेन ड्राइव्हवर किंवा मोबाइलवर घेऊन जा आणि छापून मागा. डेमोचं पान मागू नका, ते रंगीबेरंगी फुलांचं असतं आणि त्यावर काहीच कळत नाही. टँकच्या पानावर हायलायटर फिरवून बघा. काळी शाई पिगमेंटची (न विरघळणाऱ्या बारीक कणांची) असेल तर सहसा टिकते, डायची (विरघळलेल्या रंगाची) असेल तर फिसकटते. काही टँक प्रिंटरांत काळी पिगमेंटची आणि रंग डायचे असतात, मजकुराच्या कामाला ते सोयीचं. आपलं एक मळलेलं, दुमडलेलं पान एडीएफमधून घालून बघायलाही लाजू नका.

वॉरंटी वर्षांत असते तशी पानांतही असू शकते, अमुक वर्षं किंवा अमुक पानं, जे आधी होईल ते. सर्व्हिसवाला जागेवर येतो की मशीन उचलून न्यायचं, हे लेखी बघा. शाई किंवा टोनर आत्ता, याच दुकानात, शेल्फवर आहे का तेही विचारा. मशीन नवं आणि टोनर मागवून मिळेल असं उत्तर आलं तर पुढच्या मॉडेलकडे वळा.

सेकंडहँड लेसर चांगला सौदा ठरू शकतो. रिपोर्टचं पान छापून एकूण पानं आणि ड्रमचं उरलेलं आयुष्य बघा. पानावर ठरावीक अंतराने एकच डाग पुन्हा पुन्हा येत असेल, साधारण साडेसात ते साडेनऊ सेंटिमीटरवर, तर तो ड्रमच्या एका फेऱ्याचा घेर असतो आणि ड्रम बदलायला आला आहे. सेकंडहँड टँक प्रिंटर मात्र मी कुणालाच सुचवणार नाही. आत कोणती शाई फिरली आहे ते बाहेरून दिसत नाही.

पहिल्या दिवशीची मांडामांड

प्रत्येक कॉम्प्युटरवर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही बाजूंची छपाई आणि काळा-पांढरा हे दोन पर्याय कायमचे लावून टाका. रंग हवा असेल तो मुद्दाम निवडेल. हे पाच मिनिटांचं काम खर्चात जेवढा फरक पाडतं तेवढा मॉडेल बदलूनही पडत नाही. राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता राखून ठेवा, म्हणजे राउटर बंद-चालू झाला तरी कॉम्प्युटर त्याला शोधत बसणार नाहीत. प्रिंटरचा ॲडमिन पासवर्ड बदला, कारखान्यातून आलेला सगळ्यांना माहीत असतो.

लेसर यूपीएसच्या बॅटरीवर चालणाऱ्या सॉकेटला लावू नका. फ्युजर तापताना क्षणभर हजार वॉटच्या आसपास वीज ओढली जाते आणि साधा यूपीएस त्यात बंद पडतो. टँक प्रिंटरला ही अडचण नाही, तो छापताना दहा-वीस वॉटवरच भागवतो. पण तो नेहमी मशीनवरच्या बटणाने बंद करा. बटण दाबलं की हेड जागेवर जाऊन झाकलं जातं. भिंतीवरचा स्विच थेट बंद केला तर ते उघडंच राहतं आणि सुकतं. आठवड्यातून एकदा चारही रंगांचं एक पान छापत राहा, शाई हलती राहते.

टोनर कमी झाल्याचा संदेश आला की लगेच बदलू नका. कित्येक मशीन हा अंदाज पानं मोजून बांधतात, आत पूड शिल्लक असते. कार्ट्रिज काढून आडवी धरा, हळूच चार-पाच वेळा दोन्ही बाजूंना हलवा आणि परत बसवा. अक्षर फिकट होईपर्यंत छापत राहा. नवा टोनर मात्र कपाटात आणून ठेवलेला असू द्या, त्याचं पाकीट न फोडता. पूड हातावर किंवा कपड्यावर सांडली तर गार पाणीच वापरा, गरम पाण्याने ती पक्की बसते. लेसरमध्ये इंकजेटचा फोटो पेपर किंवा साधे स्टिकर कधीही घालू नका. ते फ्युजरमध्ये वितळून चिकटतात आणि दुरुस्तीचा खर्च मशीनच्या किमतीला भिडतो. लेसरसाठीचे स्टिकर वेगळे मिळतात.

आणि काही महिन्यांनी एक तक्रार हमखास येईल: झेरॉक्सवर वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ. सर्व्हिसवाल्याला बोलावण्याआधी तेच पान काचेवर ठेवून झेरॉक्स काढा. रेघ गेली तर ड्रम, टोनर सगळं ठीक आहे. झाकण उघडा. मोठ्या काचेच्या कडेला बोटभर रुंदीची एक वेगळी काचपट्टी दिसेल. एडीएफमधून जाणारं पान याच पट्टीवरून सरकतं आणि सेन्सर तिथेच थांबून ते वाचतो. त्या पट्टीवर व्हाइटनरचा किंवा डिंकाचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका असला की तो प्रत्येक पानाच्या प्रत्येक ओळीत वाचला जातो आणि त्याची रेघ होते. वाळलेला ठिपका नुसत्या नजरेला दिसत नाही, बोटाचं टोक फिरवलं की लागतो. किंचित ओल्या मऊ कापडाने पुसा, नखाने खरवडू नका.